मापाड्याची गल्ली शेवटी

मामा, काल तुमच्या शोकसभेत मी जेमतेम तीन मिनिटं बोललो. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, "सायेब, माप कमी भरून राह्यलं." खरंच कमी भरलं. भुजंगमामा म्हणजे जुन्या मोंढ्याचा आत्मा, त्यांनी पोती तोलली आणि माणसं जोडली, असलं काहीतरी मी बोललो आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मी उलट हात जोडून खाली बसलो.

जे बोलायला हवं होतं ते तिथे बोललो नाही. आज तुमचा नववा दिवस. हे लिहितोय ते लोकांसाठी कमी आणि तुमच्यासाठी जास्त, म्हणून तुमचा जन्म, शिक्षण, पश्चात कोण कोण, ते सगळं गाळतो. ते कालच्या पेपरात आलं आहे, आणि त्यात तुमचं वय दोन वर्षांनी चुकवलं आहे.

तुमची-माझी पहिली गाठ पडली तीही मापावरूनच. जिल्हा नुकताच झाला होता. जालन्याला नवीनवी ऑफिसं उघडत होती, आणि मी दहा वर्षं कंत्राटदारांकडे चपला झिजवून एकदाचा आपल्या गावच्या पालिकेत ओव्हरसियर म्हणून चिकटलो होतो. मोंढ्याची मोजणी करायला मला पाठवलं. तेव्हा मोंढा जिता होता. निजामाच्या काळातली दगडी कमान, आत दोन्ही हातांना आडत्यांच्या पेढ्या, पेढ्यांपुढे दगडी ओटे, मध्ये चौक आणि चौकाच्या कोपऱ्यात बारव. घनसावंगीकडून, आष्टीकडून धान्याच्या गाड्या आलेल्या. तुम्ही काट्यापाशी उभे होतात. पहिल्या पोत्याला तुम्ही 'एक' म्हणत नव्हता, 'बरकत' म्हणायचात, मग दोन, तीन, चार. माझ्या शिपायानं टेपचं दुसरं टोक धरलं होतं आणि टेप मध्ये झोळीसारखी लोंबत होती. तुम्ही तोलणं थांबवलंत.

"ओ विंजिनेर, टेप ताना की जरा! अशानं मोंढा हातभर मोठा भरंल, मंग तेवढी जागा आनायची कुठून?"

सगळा मोंढा हसला. मला राग आला आणि मी टेप ताणली. मी इंजिनीअर नाही, ओव्हरसियर आहे, हे पुढे मी तुम्हाला पन्नासदा सांगितलं असेल. तुम्ही ते कधी मनावर घेतलं नाहीत.

त्यानंतर थोड्याच वर्षांत नवा मोंढा बायपासला गेला. कारण साधं होतं, ट्रक कमानीत शिरत नव्हता. एकदा शिरला आणि अडकला, तेव्हा तो बाहेर काढायला अख्खा दिवस गेला आणि टायरमधली हवा सोडावी लागली. आडते एकेक करून तिकडे गेले. पेढ्यांना कुलपं लागली, कुलपांना गंज चढला, ओट्यांवर शेळ्या बसायला लागल्या आणि बारवेत लोक कचरा टाकायला लागले. बहुतेक मापाडीही बायपासला गेले. तुम्ही गेला नाहीत. उरलेल्या चार पेढ्यांवर तुम्ही काटा धरून बसलात आणि मोंढ्याच्या मागच्या हमालगल्लीतलं घरही सोडलं नाहीत. मी एकदा विचारलं, काहून बसलात इथे? तुम्ही म्हणालात, "तिकडं सगळे वळखीचे हायेत, पन बसायला वटा न्हाई. उभ्या उभ्या किती दिवस बोलायचं मानसानं?"

पंधराएक वर्षं अशीच गेली. मग वरून योजना आली. जुन्या बाजारपेठा पुन्हा उभ्या करायच्या, जुनं दगडी काम जपायचं, आणि सगळं एकदम न करता टप्प्याटप्प्यानं करायचं. नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं. खरं सांगतो मामा, तोवरच्या नोकरीत मी गटारं, शौचालयं आणि शाळेच्या भिंती याखेरीज काही केलं नव्हतं. हे पहिलं काम असं होतं की ज्याकडे बोट दाखवून, हे मी केलं, असं बायकोला सांगता आलं असतं. मी महिनाभर मोंढ्यात हिंडलो. दुर्बीण लावून इंच न् इंच जागेची उंची घेतली. तुम्ही माझ्यामागे पट्टी धरून उभे राहायचात, कारण माझा शिपाई ती वाकडी धरतो हे तुम्हाला बघवत नव्हतं.

त्या दुर्बिणीतून मला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट दिसली होती. कमान सगळ्यात उंच, चौक तिच्याखाली आणि तुमची हमालगल्ली चौकापेक्षा कमरेइतकी खोल. मोंढ्याचं सगळं पाणी चौकातून तुमच्या गल्लीत उतरतं आणि गल्लीच्या टोकाला ओढ्याला मिळतं. अशा ठिकाणी नाली नेहमी खालून वर बांधत आणतात. आधी ओढ्याकडचं तोंड मोकळं करायचं, मग गल्ली, मग चौक आणि शेवटी कमान. हे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकवतात. मी पहिला नकाशा तसाच काढला होता. तुमची गल्ली टप्पा क्रमांक एक.

माझ्या वरच्या साहेबांनी तो बघितला आणि हसले. म्हणाले, उद्घाटनाचा नारळ काय नालीत फोडायचा? कमानीपासून सुरू करा, म्हणजे काम चालू झालंय हे लोकांना रस्त्यावरून दिसेल. मी नकाशा उलटा केला. कमान एक, चौक दोन, पेढ्यांचे ओटे आणि दर्शनी भाग तीन. चौथ्या टप्प्यात हमालगल्ली, नाली, नळ आणि संडास. तो नकाशा घेऊन मी एका बुधवारी चौकात लोकांसमोर आलो. खालची गल्ली शेवटी ठेवली म्हटल्यावर तुम्ही आणि तुमची बावीस घरं माझी हजामत करणार, अशी मनाची तयारी केली होती. खरं म्हणजे मला तसं व्हायलाच हवं होतं. लोकांचा विरोध आहे म्हणून मी नकाशा परत घेऊन गेलो असतो.

झालं उलटंच. भांडले ते वरचे. कमानीजवळचे म्हणाले आम्ही पहिले, चौकातले म्हणाले आम्ही, कापडवाल्यांचं म्हणणं त्यांचे ओटे आधी. तासभर गोंधळ चालला. कुणाला पाणी कुठे जातं याच्याशी देणंघेणं नव्हतं, सगळ्यांना नंबर पाहिजे होता. तेव्हा तुम्ही उठलात; या कामात पालिकेशी बोलायला लोकांनी तुम्हालाच पुढे केलं होतं. टोपी काढून मांडीवर ठेवण्याची तुमची सवय होती, ती उचलून डोक्यावर घातलीत.

"हे पाहा," तुम्ही म्हणालात, "मोंढ्याचा कायदा काय सांगतो? ज्याच्या हातात काटा, त्याचं पोतं शेवटी. ह्या कामात मला तुमी पुढं केलं, म्हंजी काटा माझ्या हातात हाय. मंग माझी गल्ली शेवटी. सायेबानं लिव्हलं ते बराबर हाय. आता तुमच्या तिघात काय ते जल्दी ठरवा, भाकरीचा टाइम झाला."

हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण मोंढ्यात वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नव्हता. केदारखेड्याच्या तुमच्या वाटणीच्या रानातलं धान्य तुम्ही मोंढ्यात आणायचात, तेव्हा सगळ्यांची पोती तोलून झाल्यावर, दिवस कलायला आला की, दुसऱ्या मापाड्याच्या हातून ते तोलून घ्यायचात. तोवर भाव उतरलेला असायचा. तुम्ही कधी कुरकुर केली नाहीत, कारण त्यामुळेच तुमच्या मापावर कुणी कधी बोट ठेवलं नाही. त्या दिवशीही ठेवलं नाही. चार मिनिटांत कमान, चौक, ओटे असं ठरलं आणि लोक भाकरी खायला गेले.

तुमचा कायदा मोंढ्यापुरता बिनचूक होता, मामा. मोंढ्यात शेवटचं पोतं तोलल्याशिवाय काटा उतरवत नाहीत. योजनेचं तसं नसतं. चार टप्प्यांच्या योजनेत चौथा टप्पा झालेला मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि हे त्या चौकात मला एकट्याला माहीत होतं. शिवाय पाण्याचंही मला एकट्यालाच माहीत होतं. तुमच्या भल्या मनानं केलेली चूक दुरुस्त करायला एक वाक्य पुरलं असतं. मी नकाशाची गुंडाळी केली आणि तुमच्याबरोबर चहा प्यायलो. तुमच्या तोंडून साहेबांचंच म्हणणं निघालं होतं, माझं काम सोपं झालं होतं. बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पुढची दोन-तीन वर्षं फार चांगली गेली, हे कबूल करायला हवं. अपराधाची गोष्ट सांगायची म्हणून तो आनंद नाकारण्यात काही अर्थ नाही. कमान साफ झाली तेव्हा शेणामातीखालून तिचे मूळचे काळे दगड निघाले आणि म्हातारी माणसं बघायला येऊन उभी राहिली. चौकातल्या फरशीवरून तुमचं-माझं भांडण झालं. मला सिमेंटच्या रंगीत फरश्या बसवायच्या होत्या, नकाशात त्या छान दिसत होत्या. तुम्हाला शहाबादी हवी होती. तुम्ही वाद घातला नाहीत. पेढीतून वीस किलोचं वजन उचलून आणलंत, कंत्राटदारानं नमुना म्हणून मांडलेल्या फरशीवर गुडघ्याच्या उंचीवरून सोडलंत, आणि तुकडे गोळा करून माझ्या हातात दिलेत. "मोंढा हाय हा, सायेब. हितं मानूस वजन हळूच ठिवत न्हाई." चौकात शहाबादी आली. आजही एक चिरा हललेला नाही.

आणि नुसते दगड घासून बाजार भरत नाही, हे तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं. तुम्ही जीपमध्ये मागच्या फळीवर बसून घनसावंगीला गेलात, आष्टीच्या बाजारात दिवसभर उभे राहिलात. बांगड्यावाले, मसालेवाले, दोरखंडवाले, लोखंडी विळे-खुरपी विकणारे, ज्यांना बायपासला कुणी विचारत नव्हतं त्यांना म्हणालात, बुधवारी आमच्याकडं या, सावलीत बसायला वटा देतो. पहिल्या बुधवारी सातजण आले. तुम्ही कमानीत उभे राहून येणाऱ्याला मोजत होतात, आणि पहिला आला तेव्हा 'बरकत' म्हणालात, ते मी ऐकलं. वर्षभरात बुधवारी चौकात पाय ठेवायला जागा मिळेना. जालन्याहून अधिकारी बघायला आले. मी त्यांना फिरवून आणलं, कमान, चौक आणि परत कमान. खाली गल्लीकडे नेलं नाही.

गल्लीत तोवर काय झालं होतं ते तुम्ही रोज बघत होतात. वरच्या दोन टप्प्यांच्या नाल्या नव्या, पक्क्या, झाकलेल्या. त्यांचं पाणी चौथा टप्पा होईपर्यंत 'तात्पुरतं' तुमच्या गल्लीतल्या जुन्या उघड्या नालीत सोडलं होतं. तात्पुरतं हा शब्द फाइलीत माझ्या अक्षरात आहे. आधी पाणी जमिनीत मुरत, रेंगाळत यायचं. आता जोरात यायचं. दुसऱ्या पावसाळ्यात बारवेच्या बाजूची चार घरं आत भिजली आणि बुधवारच्या बाजाराचा सगळा कचरा तुमच्या दारात येऊन बसला.

त्यानंतरच्या एका दुपारी आपण ओट्यावर चहा घेत होतो. तुम्ही बशी खाली ठेवलीत. "सायेब, एक इचारू का? नाली वरून खाली बांधत्यात का खालून वर?"

मी बशीकडे बघत म्हणालो, "दोन्ही चालतं, मामा."

"बराबर," तुम्ही म्हणालात. मग केदारखेड्याला कापसावर अळी पडल्याचं सांगायला लागलात. मी अळीवर कोणतं औषध मारायचं ते विचारलं. आपला तो विषय तिथे संपला आणि पुन्हा कधी निघाला नाही.

तिसरा टप्पा अर्धामुर्धा झाला. मग योजना बंद पडली. तसं पत्र आलं, ते मीच फाइलीला लावलं. चौथ्या टप्प्यासाठी मी दोनदा टिपणी पाठवली, दोन्ही परत आल्या. तिसऱ्यांदा पाठवली नाही. मग साहेब बदलले, नव्या साहेबांना नवं काम होतं, मला पाणीपुरवठ्याकडे दिलं आणि तिथूनच मी निवृत्त झालो.

तुमच्या गल्लीनं मात्र तुम्हाला सोडलं नाही. सोडलं नाही म्हणजे धरून ठेवलं, आरोपी म्हणून. ह्यानंच आमची गल्ली शेवटी टाकली, मोठेपणा मिरवायला आमची घरं बुडवली. मी हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. हमालांच्या पंचकमिटीतून तुम्हाला काढलं. गल्लीतल्या लग्नात वडीलधाऱ्यांना टॉवेल-टोपीचा आहेर करायची रीत, त्यात तुमचं नाव पुकारणं बंद झालं. एका लग्नात मी तुमच्या शेजारी बसलो होतो. मला, परक्या माणसाला, टॉवेल-टोपी मिळाली. तुम्ही माझी टोपी नीट बसवलीत आणि म्हणालात, "बिलकुल नवरदेव दिसून राह्यले." मी हसलो. हसायला नको होतं, पण तुमच्या बोलण्यावर हसायची सवयच लागली होती.

तुम्ही गल्लीला एका शब्दानं उत्तर दिलं नाहीत. माझी समजूत अशी होती की तुमच्याकडे उत्तरच नाही. तुमचा कायदा तुमच्यावर उलटला आणि तुम्ही भोळेपणानं सोसताय, असं मला वाटायचं. तुमची कीव यायची, मामा. त्या किवेत मला थोडा आरामही मिळायचा, कारण भोळ्या माणसाच्या चुकीत शेजारच्याची चूक झाकून जाते. दर बुधवारी मी तुमच्यासोबत ओट्यावर बसायचो. निवृत्तीनंतरही येत राहिलो. घरी मी सांगायचो, मोंढ्यात जाऊन येतो. बायको म्हणायची, तुमचं माहेर आहे ते.

आठ दिवसांपूर्वी सकाळी निरोप आला. छातीत दुखलं आणि तासाभरात आटोपलं, असं सांगितलं. गल्लीत नाली जागोजागी खचलेली, म्हणून तिरडी नेणाऱ्यांना एका रांगेत चालता येईना. मी डाव्या बाजूला खांदा दिला होता. माझा पाय घोट्यापर्यंत नालीत गेला. मागचा म्हणाला, सांभाळून, साहेब. मी सांभाळलं. स्मशानातून परत येताना माझ्या लक्षात आलं की चालता चालता मी नालीची रुंदी आणि खोली मनात धरून ठेवली होती. सवयी माणसाबरोबर निवृत्त होत नाहीत.

शोकसभेत एक ठराव झाला. चौकाला तुमचं नाव द्यायचं आणि संगमरवरी पाटी लावायची. ते कळवायला आज सकाळी आम्ही चौघंजण तुमच्या घरी गेलो. केसरमामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोलणाऱ्यानं ठराव छान वाचून दाखवला. मामींनी ऐकून घेतला.

"पाटी काहून?" त्या म्हणाल्या. "नाली करा म्हनावं."

दुःखात आहेत, असं एकमेकांना डोळ्यांनी सांगत तिघं उठले. मी उठलो नाही. गुडघ्याचं कारण सांगितलं आणि बसून राहिलो. ते चपला घालून कमानीकडे गेल्याचा आवाज येईपर्यंत मी थांबलो.

"मामी," मी म्हणालो, "नाली खालून वरच बांधायची असते. तुमची गल्ली पहिली घ्यायला पाहिजे होती. मला तेव्हाच माहीत होतं. मामांनी मला विचारलं होतं आणि मी त्यांना खोटं सांगितलं."

मामींनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. बाजारात परिचयाचा माणूस उशिरा आल्यावर बघावं तसं बघितलं.

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी घरी आल्ते, न् हातपाय धुता धुता म्हनले, नाली खालूनच बांधत्यात. सायेब खोटं बोलून राह्यला. मी म्हनलं, मंग गल्लीला सांगा तसं, तुमच्यावरचा आळ तरी जाईन. तं म्हनले, गल्ली त्याच्या दारात जाईन. त्याची नोकरी हाय, लेकरं शिकून राह्यलेत. न्हाई सांगायचं. अन् मला बी बोलू देलं न्हाई कवा."

मी हिशोब केला. बारा वर्षं. बारा वर्षं दर बुधवारी तुम्ही मला ओट्यावर जागा दिलीत, बशी पुढे केलीत, माझी टोपी नीट बसवलीत, आणि सगळा वेळ तुम्हाला माहीत होतं. आयुष्यभर काटा धरलेल्या माणसाला खोटं माप कळणार नाही, असं मी कसं धरून चाललो होतो? मी तुमची कीव करत होतो आणि तुम्ही मला सांभाळत होतात. गल्लीचे शब्द तुम्ही माझ्या वाट्याचे खात होतात. मला रडू आलं. कालच्या सभेत आलं नव्हतं, स्मशानात आलं नव्हतं. तुमच्या घरात, तुमच्या बायकोसमोर मी साठीचा माणूस तोंडाला रुमाल लावून बसलो.

तुमचा मला रागही आला, हे लपवत नाही. एकदा तरी तोंडावर म्हणायचं होतंत, सायेब, खोटं बोलताय. मी कदाचित पाणीपुरवठ्याकडे आधीच गेलो असतो, एवढंच. किंवा कदाचित गेलोही नसतो. तुम्ही मला वाचवलंत ते माझ्यासाठी, की बुधवारचा बाजार मोडू नये म्हणून? काम मध्येच बंद पडलं असतं तर तुमचे बांगड्यावाले, मसालेवाले पुन्हा रस्त्यावर आले असते. हे मी तुम्हाला विचारणार होतो असं म्हणत नाही, कारण मला विचारायचं काही आहे हेच आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. आता उत्तर मिळणार नाही. दोन्ही खरं असेल असं धरून चालतो.

मामींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी पाणी प्यायलो.

"आता तं नोकरी न्हाई ना तुमची?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग लिव्हून द्या. उद्या दहावा हाय, सगळी गल्ली येईन. मला वाचता येत न्हाई, मी दुसऱ्याकून वाचून घेईन. तोंडी नका सांगू. तोंडी सांगितलेलं मानूस पलटवतो."

नातीची वही फळीवर होती. मामींनी तिच्यातला एक कागद फाडून दिला. मी जमिनीवर बसूनच लिहिलं. तीस वर्षं टिपण्या लिहिल्या, त्यामुळे हात आपोआप चालला. मी, निवृत्त ओव्हरसियर, असं लिहून देतो की हमालगल्लीचं काम पहिल्या टप्प्यात घेणं आवश्यक होतं. ते चौथ्या टप्प्यात ठेवणारा नकाशा माझ्या हातचा आहे. त्यामुळे वरचं पाणी गल्लीत येणार हे मला माहीत असून मी लोकांना सांगितलं नाही. भुजंगमामांनी स्वतः विचारलं असता मी त्यांना खोटं उत्तर दिलं. गल्लीचं काम तातडीनं हाती घ्यावं यासाठी पालिकेकडे जो अर्ज होईल, त्याला हा कागद जोडावा. सदर प्रकरणात भुजंगमामांचा काही दोष नाही.

खाली सही केली आणि मामींना सावकाश वाचून दाखवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटचं वाक्य झालं तसे त्यांनी डोळे उघडले.

"त्यांचा दोष न्हाई, हे सगळ्यात खाली काहून लिव्हलं?" त्या म्हणाल्या. "वर घ्या ते."

मी वहीतून दुसरा कागद मागून घेतला.